वेकसर्फचा बोर्ड घेण्याआधी बोटीचे इंजिन पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन गोष्टी एकदम घडतात. भारतातून आजी-आजोबा येतात आणि तलावावर जायचे बेत ठरू लागतात. ऑस्टिनजवळचा लेक ट्रॅव्हिस, अटलांटाजवळचा लेक लेनियर, मिनियापोलिसजवळचा लेक मिनेटोंका या ठिकाणी वेकसर्फिंग जोरात चालते आणि या शहरांत मराठी वस्तीही चांगली आहे. नातवाला किंवा मुला-सुनेला हौसेने बोर्ड घेऊन द्यायचा, हे मग ओघाने आलेच. चार-पाचशे डॉलरची, म्हणजे आपल्या हिशेबाने पस्तीस-पंचेचाळीस हजार रुपयांची ही वस्तू बहुतेक वेळा रंग, चित्र आणि सवलतीची पाटी बघून घेतली जाते आणि दोन रविवारांनंतर गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहते. बोर्ड वाईट असतो असे नाही. तो त्या माणसाचा नसतो, किंवा त्या बोटीचा नसतो. आपले वृत्तपत्र दोन्हीकडे वाचले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बोट ताशी दहा-अकरा मैलांच्या, म्हणजे सोळा ते अठरा किलोमीटरच्या संथ वेगाने जाते आणि तिच्या मागे एक लाट तयार होते. शिकणारा दोरी धरून पाण्यातून उठतो, लाटेच्या उतारावर आला की दोरी सोडून देतो आणि नुसत्या लाटेच्या ढकलण्यावर बोटीमागून सरकत राहतो. पाय बोर्डाला बांधलेले नसतात. बोट अगदी जवळ, दहा-बारा फुटांवर असते. म्हणूनच कोणती बोट, हा प्रश्न बोर्डाच्याही आधी येतो.

वेकसर्फिंग फक्त इनबोर्ड बोटीच्या मागे करायचे असते. इनबोर्ड म्हणजे जिचे इंजिन आत असते आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या बराच पुढे असतो. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागे लटकलेले असते, नेहमीच्या स्टर्नड्राइव्हचे इंजिन आत असले तरी पंखा मागच्या कडेबाहेरच असतो. या दोन्हींच्या मागे, इतक्या जवळ, पाय मोकळे ठेवून उभे राहणे म्हणजे फिरत्या पात्यांच्या तोंडाशी उभे राहणे. पडणारा माणूस पुढच्या बाजूलाही पडू शकतो. व्होल्वो पेंटा या इंजिन कंपनीने २०१५ मध्ये पंखा पुढच्या तोंडाला असलेला फॉरवर्ड ड्राइव्ह आणला, तो या कामासाठीच आहे; अशा पुढच्या तोंडाच्या ड्राइव्हचा तेवढा अपवाद. तलावावर भाड्याने मिळणाऱ्या पाँटून (लांब नळ्यांवर तरंगणाऱ्या, सपाट फळीच्या) बोटी मात्र जवळजवळ सगळ्या आउटबोर्ड असतात. कुटुंब दरवर्षी पाँटूनच भाड्याने घेत असेल, तर वेकसर्फचा बोर्ड घेऊच नका. त्या पैशात मुलांसाठी बोटीमागे ओढायची, हवा भरलेली चांगली ट्यूब आणि लांब दोरी घ्या. हे दुकानदाराने विचारायला हवे, पण तो विचारेलच असे नाही.

बोट योग्य आहे हे कळले की दुसरा प्रश्न लाटेचा. २०१३ च्या सुमारापासून आलेल्या बऱ्याच बोटींत मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात आणि पोटात पाण्याच्या टाक्या. दोन-तीन हजार पौंड पाणी भरले की लाट उंच, लांब आणि जोरदार होते. जुन्या बोटीत पाण्याच्या पिशव्या कोपऱ्यात ठेवून लाट काढावी लागते; तिचा ढकलणारा भाग जेमतेम चार-पाच फुटांचा. एकाच वजनाच्या दोन माणसांना या दोन बोटींमागे एकच बोर्ड चालत नाही. जुन्या किंवा कमी भरलेल्या बोटीमागे नेहमीच्या मापापेक्षा दोन ते चार इंच जास्त लांब, जाड आणि तळाला कमी वाक असलेला बोर्ड लागतो. या वाकाला रॉकर म्हणतात. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने पाहिले की नाक आणि शेपूट किती वर उचललेली आहेत ते दिसते. सपाट तळ पाणी कमी अडवतो, त्यामुळे दुबळ्या लाटेतही वेग टिकतो. जास्त वाकलेला बोर्ड वळायला गोड, पण लाट कमजोर असेल तर तो मागेच पडतो.

आता माणसाचे वजन. उंची नाही, वजन. कंपनीगणिक तक्ते थोडे वेगळे असतात आणि बोर्डावर छापलेला तक्ता नेहमी पाहावा, पण शिकणाऱ्यासाठी ढोबळ हिशेब असा धरायला हरकत नाही. साठ किलोपर्यंत साडेचार फुटांच्या आसपासचा बोर्ड. साठ ते ऐंशी किलोला ४ फूट ८ इंच ते ५ फूट. ऐंशी ते शंभर किलोला ५ फूट ते ५ फूट ४ इंच. त्यापुढे साडेपाच फुटांपर्यंत. एकच बोर्ड सगळ्या घराने वापरायचा असेल, तर शिकणाऱ्यांतल्या सगळ्यांत जड माणसाच्या मापाने घ्या. हलक्या माणसाला मोठा बोर्ड थोडा सुस्त वाटतो, वळायला वेळ लागतो, एवढेच. जड माणसाला छोटा बोर्ड मिळाला तर तो शिकतच नाही.

का शिकत नाही, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पाण्यातून उठताना माणूस पाठीवर आडवा, गुडघे छातीशी, आणि टाचा बोर्डाच्या कडेवर ठेवलेल्या असतात. बोट हळू ओढू लागली की टाचांनी दाब देताच बोर्ड उभा होऊन तळव्यांना चिकटतो. बोर्ड रुंद आणि जाड असेल तर तो लवकर पाण्यावर येतो आणि हातांवर ताण कमी पडतो. लहान बोर्ड पाण्याखालीच रेटत राहतो. माणूस दोरी जोरात ओढतो, कंबर मागे जाते, आणि तीन प्रयत्नांत खांदे भरून येतात. उठलाच तर पुढची अडचण लाटेवर. मागच्या पायावर थोडा भार गेला की ब्रेक लागतो, पुढच्या पायावर दिला की वेग येतो, हे सगळ्यांना सांगितले जाते. पण बोर्डात पुरेसे तरंगणे नसेल तर पुढच्या पायावर सगळा भार देऊनही तो लाटेच्या मागच्या अंगाला घसरतो. दोरी सैल कधी पडतच नाही. मग सगळे म्हणतात, याला जमत नाही. त्याला दोन इंच जास्तीचा बोर्ड हवा असतो.

बोर्डाला दोष देण्याआधी लाटही तपासावी. वेग ताशी दशांश दोन मैलांनी बदलला तरी फरक पडतो: कमी केला की लाट उंच आणि आखूड होते, वाढवला की लांब आणि बसकी. बोटीच्या पुढच्या भागात वजन वाढवले की ढकलणारा भाग लांबतो. मात्र पाणी आणि माणसे मिळून बोटीवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये. पुढचा भाग फार खाली गेला तर वेग कमी करताना बोटीचीच लाट नाकावरून आत येते.

बोर्डाची दोन मुख्य घराणी आहेत. सर्फ प्रकारचा बोर्ड जाड, नाकाकडे निमुळता, तीन किंवा चार मोठ्या फिनांचा, म्हणजे तळाला मागे बसवलेल्या उभ्या पात्यांचा. तो लाटेत घट्ट बसतो, वेग धरतो, वर-खाली वळणे घेतो. स्किम प्रकारचा पातळ, साधारण इंचभराच्या आत जाडीचा, एक किंवा दोन लहान फिनांचा. तो लाटेवर सैल राहतो, म्हणून पायाखाली बोर्ड फिरवण्याच्या करामतींना तो लागतो. फेज फाइव्हसारख्या कंपनीचे नाव या प्रकारात झाले आहे. यूट्यूबवर जे गरगर फिरणे दिसते ते स्किमवर केलेले असते, आणि तेच पाहून मुले स्किम मागतात. दोरी सोडून सलग एक मिनिट लाटेत राहता येत नाही तोवर स्किम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अपवाद हलक्या मुलांचा. पंचेचाळीस किलोच्या आतल्या मुलाला चांगल्या लाटेमागे स्किमही उचलून धरतो. दोन्हींच्या मधले क्रॉसओव्हर बोर्ड दुकानात पुष्कळ असतात. त्यातला जाड कडेचा निवडला तर दुसऱ्या मोसमापर्यंत तो पुरतो.

कड म्हणजे रेल. बोटांनी चाचपून पाहा. गोल, भरीव रेल पाण्यात सहज अडकत नाही आणि चुका पोटात घालते. धारदार रेल लाटेला पकडते, वळण काटेकोर घेते, पण भार चुकला की नवख्याला एकदम कडेला पाडते. शेपटीच्या आकारावर विक्रेते बराच वेळ बोलतात. शिकणाऱ्याने रुंद, चौकोनी शेपूट घ्यावी आणि विषय संपवावा.

किमतीचा फरक मुख्यतः आतल्या बांधणीतून येतो. साच्यात दाबून बनवलेला बोर्ड जड असतो, साधारण दहा-बारा पौंड, पण मार खातो. धक्क्याला आपटला, मुलाने डेकवर टाकला, तरी सहसा काही होत नाही. असा नवा बोर्ड तीनशे ते साडेचारशे डॉलरला मिळतो. दुसऱ्या प्रकारात हलक्या थर्माकोलसारख्या ईपीएस फोमवर फायबरग्लास आणि इपॉक्सीचे थर असतात. वजन जवळपास निम्मे, पायाखाली जिवंतपणा जास्त, किंमत पाचशे ते नऊशे. कार्बनचा पट्टा किंवा थर आला की हजाराच्या वर. हायपरलाइट, लिक्विड फोर्स, रॉनिक्स या कंपन्या स्वस्त आणि महाग असे दोन्ही थरांतले बोर्ड बनवतात, त्यामुळे नुसते कंपनीचे नाव बघून काही ठरत नाही. पहिल्या मोसमात हलक्या बोर्डाचा फायदा पायाला कळतच नाही. त्याची नाजूकता मात्र पहिल्याच दिवशी कळते. हातात सहाशे डॉलर असतील तर आम्ही ते असे वाटू: दाबून बनवलेल्या सर्फ प्रकारच्या बोर्डाला ३८०, जीवनरक्षक जाकिटाला १००, दोरीला ६०, जाड अस्तराच्या पिशवीला ६०. पाचशे नव्वद डॉलरचा बोर्ड घेऊन जुन्या दोरीवर भागवणे हा उलटा हिशेब झाला.

दोरी वीस ते पंचवीस फुटांची, जाड, वेकसर्फसाठीचीच हवी. वेकबोर्डची सत्तर फुटी दोरी दुमडून वापरू नये. तिचे फास पाण्यात तरंगतात आणि हात किंवा मान त्यात अडकू शकते. मुठीजवळ मोठा त्रिकोणी फास असेल तर त्यात कोपर घालू नये, दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नये. जाकिटाच्या आतली चिठ्ठी वाचा. तिच्यावर अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता लिहिलेली असावी. दुकानात दिसणाऱ्या सुबक, पातळ 'कॉम्पिटिशन' जाकिटांना बहुधा ती नसते आणि नवख्याला ती पुरेशी तरंगवतही नाहीत.

फिनांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण चांगल्या बोर्डाची इथेच वाट लागते. नव्या बोर्डासोबत फिना सुट्या येतात. बाजूच्या फिनेचा सपाट चेहरा बोर्डाच्या मध्याकडे आणि फुगीर बाहेर, पुढची कड किंचित नाकाकडे वळलेली, अशी बसते. डावी-उजवी अदलाबदल झाली तर बोर्ड पाणी ओढतो आणि सरळ जात नाही. प्रचलित स्क्रूला ३/३२ इंचाची षट्कोनी चावी लागते. घरातल्या पेटीतली २ मिलिमीटरची चावी आत जाते, थोडी फिरते, आणि स्क्रूचे तोंड गोल करून टाकते. मग तो स्क्रू निघत नाही आणि बसतही नाही. बोर्डासोबत आलेली चावी पिशवीच्या कप्प्यातच शिवून ठेवावी इतकी ती महत्त्वाची आहे. स्क्रू हाताने थांबेपर्यंत फिरवायचा, त्यापुढे जोर लावायचा नाही, कारण खाचेभोवतीचे प्लास्टिक तडकते. शिकताना सगळ्या फिना ठेवा. लाटेत स्थिर राहता आले की मधली फिन काढून पाहा, तोच बोर्ड एकदम सैल आणि खेळकर होतो. नवा बोर्ड घेण्याची घाई वाटत असेल तर आधी हे करून पाहावे.

बोर्डाच्या वर चिकटवलेला खरखरीत ईव्हीए पॅड (रबरासारख्या फोमची पातळ गादी) असेल तर पाय घसरू नये म्हणून चोळायचे मेण लागत नाही. शेपटीकडे त्याला उंच कड हवी, मागच्या पायाला न पाहता जागा कळते. डावा पाय पुढे ठेवणारा माणूस बोटीच्या डाव्या लाटेवर, म्हणजे लाटेकडे तोंड करून, लवकर शिकतो; उजवा पाय पुढे ठेवणारा उजव्या लाटेवर. पायमोजे घालून फरशीवरून घसरत गेले की कोणता पाय आपोआप पुढे येतो ते कळते. काही बोर्ड एकाच बाजूसाठी, दोन कडा वेगवेगळ्या ठेवून बनवलेले असतात. सगळ्या घरासाठी असा घेऊ नये.

कमी पैशात चांगला बोर्ड हवा असेल तर वापरलेला घेण्यात कमीपणा नाही, पण उजेडात, हातात घेऊन पाहावा. ईपीएसच्या बोर्डावर मागचा पाय जिथे पडतो तिथे अंगठ्याने दाबा. कागदाच्या पुठ्ठ्यासारखे दबले आणि परत वर आले, तर आतला थर सुटलेला आहे. फिनांच्या खाचांभोवती केसाएवढ्या भेगा शोधा. फिन हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहताना त्या भेगेतून पाण्याचा थेंब बाहेर आला, तर फोमने पाणी प्यायले आहे. घरच्या वजनकाट्यावर बोर्ड ठेवा. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा पौंडभर जास्त भरला तर निष्कर्ष तोच. अशा बोर्डाला कितीही सवलत असली तरी हात लावू नये. नाकावरचा टवका, कडेची खोक मात्र घरी बुजवता येते. बोर्ड काही दिवस सावलीत पूर्ण वाळवायचा, जागा घासायची आणि इपॉक्सीच भरायची. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारी पॉलिएस्टर रेझिन ईपीएसला लावली की तिच्यातल्या स्टायरिनने फोम विरघळतो आणि नखाएवढ्या खोकीचा वाटीएवढा खड्डा होतो.

उन्हाचेही असेच. टेक्सासच्या जुलैमध्ये काळ्या पिशवीत घालून गाडीत ठेवलेल्या ईपीएस बोर्डावर एका दुपारीत फुगे येतात, कारण आतली हवा प्रसरण पावून थर उचलते. पांढरी किंवा चकाकणारी पिशवी घ्यावी आणि बोर्ड गाडीत बंद ठेवूच नये. काही बोर्डांना हवा सोडणारा छोटा स्क्रू असतो; विमानात नेताना तो माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उघडावा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीने बंद करावा. विमानाचा विषय निघाला म्हणून सांगतो, नातवाचा जुना बोर्ड कोकणात किंवा गोव्यात वापरू म्हणून आणू नये. ४ फूट ८ इंचांचा बोर्ड लांबी, रुंदी, जाडी मिळून दोन मीटरच्या आसपास जातो. साध्या सामानाची १५८ सेंटिमीटरची मर्यादा त्याला पुरत नाही. आणि समुद्रात वल्हवून लाट पकडायला लागणारे तरंगणे त्याच्यात नसते. अश्वे-मोरजीच्या लाटांवर शिकायला सात-आठ फुटी मऊ बोर्ड लागतो. उलटही खरे: समुद्राचा टोकदार लांब बोर्ड बोटीमागे आणणे धोक्याचे.

बोटीवर बसून बघणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक गोष्ट. संथ वेगात एक्झॉस्टचा धूर बोटीच्या मागच्या भागात साचतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. डोके दुखणे, मळमळणे याला बोट लागली असे समजले जाते. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणीही बसू नये, शिकणाऱ्याला तिला धरून ओढत नेऊ नये, आणि कुणाला गरगरले तर आधी इंजिन बंद करून मोकळ्या हवेत न्यावे. ही लाट किनाराही खाते आणि दुसऱ्यांच्या बांधलेल्या बोटी हलवते. किनाऱ्यापासून निदान दोनशे फूट दूर राहण्याचा सल्ला या व्यवसायातले लोक स्वतःच देतात. व्हर्माँट राज्याने २०२४ पासून नियमच केला: किनाऱ्यापासून ५०० फूट दूर, २० फूट खोल आणि असे सलग ५० एकर पाणी असेल तरच वेकसर्फिंग. प्रत्येक राज्याचे, कधी प्रत्येक तलावाचे नियम वेगळे असतात. बोर्ड घेण्याआधी आपल्या तलावावर हा खेळ चालतो का, एवढे तरी विचारून घ्यावे.

शक्य असेल तर हे पत्र मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात छापावे ही विनंती. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला अमेरिकेत मोसम उघडतो आणि सर्वाधिक घाईची खरेदी त्याच आठवड्यात होते. त्या सुमारास बरीच दुकाने तलावावर बोर्ड वापरून पाहायला देतात. दोन मापांचे बोर्ड एकाच लाटेवर पाळीपाळीने चालवून पाहावेत. आणि ज्यांना या वर्षी भाड्याच्या किंवा मित्राच्या बोर्डावर भागवता येते, त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबावे. त्यानंतर चालू वर्षाचे बोर्ड उतरत्या भावात निघतात आणि वरच्या थरातला बोर्ड मधल्या थराच्या किमतीत हाती येऊ शकतो.

कळावे,
वेकसर्फिंग करणारे आणि शिकवणारे काही मराठी वाचक,
ऑस्टिन, टेक्सास